प्रतिमा-अवमान (ख्रिस्ती)

ख्रिस्त, मरियामाता व संत यांच्या चित्रांची वा मूर्तींची विटंबना, निंदा किंवा अनुचित चित्रण. सोळाव्या-सतराव्या शतकांत कॅथलिक युरोपात व त्याच्या वसाहतींत हा दंडनीय अपराध होता. त्याची चौकशी बिशप, इन्क्विझिशन नावाची धर्मन्यायपीठे आणि काही ठिकाणी नगराची न्यायमंडळे करीत. शेण फेकणाऱ्याप्रमाणेच चित्र काढणाऱ्याला, तसेच प्रतिमेचे चुंबन न घेणाऱ्यालाही जाब द्यावा लागे.

फ्लॉरेन्समध्ये १५०१ च्या जुलैत अँतोनिओ रिनाल्देस्की जुगारात हरला आणि संतापाच्या भरात त्याने मरियेच्या भित्तिचित्रावर घोड्याची लीद फेकली. नगराच्या न्यायमंडळाने त्याला फाशी दिले. पुढच्याच वर्षी फिलिप्पो दोल्चाती याने ही सारी हकिकत नऊ दृश्यांच्या एका फलकावर रंगवली. हा फलक आज फ्लॉरेन्सच्या स्टिबर्ट संग्रहालयात आहे.

प्रॉटेस्टंट सुधारकांनी प्रतिमापूजेवर हल्ला चढवल्यावर कॅथलिक चर्चला आपली भूमिका नेमकी मांडणे भाग पडले. ३ डिसेंबर १५६३ रोजी त्रेंतच्या धर्मपरिषदेने ठराव केला : प्रतिमेत दैवी शक्ती नसते, तिला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोहोचतो. बिशपच्या संमतीवाचून नव्या धर्तीची प्रतिमा लावू नये आणि चित्रांत कामुकता नसावी, असेही ठरले. त्यानंतर लवकरच सिस्टाइन चॅपेलमधील मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ या चित्रातील काही नग्न आकृत्यांवर वस्त्रे रंगवण्यात आली.

१८ जुलै १५७३ रोजी व्हेनिसच्या न्यायपीठाने चित्रकार पाओलो व्हेरोनेझे याला बोलावले. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात त्याने पोपट घेतलेला विदूषक, नाकातून रक्त वाहणारा नोकर आणि शस्त्रधारी जर्मन शिपाई दाखवले होते. कवींना असलेली मोकळीक चित्रकारांनाही असते, असा त्याचा बचाव होता. न्यायपीठाने तीन महिन्यांत स्वखर्चाने दुरुस्ती करण्याचा हुकूम दिला. अखेर चित्राचे नाव बदलून ते ‘लेवीच्या घरची मेजवानी’ झाले. विदूषक आणि पोपट त्यात आजही आहेत.

स्पेनमध्ये सेव्हिलच्या इन्क्विझिशनने १६१८ मध्ये पवित्र चित्रांवर देखरेख ठेवण्यासाठी फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराचीच नेमणूक केली. तो व्हेलास्केझचा गुरू व सासरा. माद्रिदमधील प्रकरण मात्र भीषण होते. ज्यू वंशाच्या काही पोर्तुगीज रहिवाशांनी क्रूसमूर्तीला चाबकाने मारल्याचा आरोप झाला. त्यांच्याच लहान मुलाची साक्ष त्यात वापरली गेली. ४ जुलै १६३२ रोजी राजा चौथा फिलिप याच्या उपस्थितीत त्यांना शिक्षा सुनावण्यात आली आणि काहींना जाळण्यात आले. वंशाविषयीच्या संशयाला प्रतिमेच्या अवमानाची जोड मिळाली, की आरोपीला सुटकेची वाट जवळपास उरत नसे.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. दमण येथे राहणारा फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याला १६७३ मध्ये अटक झाली. भिक्षापेटीवर रंगवलेल्या प्रतिमेचे चुंबन न घेणे आणि हस्तिदंती क्रूसमूर्तीविषयी अनादराने बोलणे, या बाबी त्याच्यावरील आरोपांत होत्या. प्रतिमांच्या प्रश्नावर आपण त्रेंतच्या ठरावाचाच आधार घेतला, असे त्याने लिहिले आहे. प्रतिमेत दैवी शक्ती नसते, हे तर त्या परिषदेनेच जाहीर केले होते. तरीही जानेवारी १६७६ मध्ये गोव्यातील जाहीर शिक्षासमारंभात त्याला मालमत्ताजप्ती, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालमध्ये पाच वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली.

मुदतीपूर्वी सुटलेल्या देलाँने १६८७ मध्ये आपली हकिकत प्रसिद्ध केली. गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये या न्यायपीठाच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा देलाँची हकिकतही त्यात समाविष्ट केली.