कुंडीतलं कूळ

‘कूळ’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक वंशाचा, सोयरीक जुळवताना विचारतात तो. दुसरा शेतीतला: दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसतो, तो कूळ. निजामाच्या राजवटीतून सुटलेल्या मराठवाड्याला 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्यामुळे हा दुसरा अर्थ चांगला पाठ आहे. नांदेड-लातूरकडच्या जिन्यांत, बाल्कन्यांत, दवाखान्यांच्या बाकड्यांवर जी हिरवी-पिवळी वेल लोंबत असते, त्या मनी प्लांटला दोन्ही अर्थ लागू पडतात. वंश समुद्रापारचा, आणि कसायला आपली माती.

वंश आधी पाहू. पॅसिफिक महासागरात ताहितीच्या शेजारी मोरेआ नावाचं छोटं बेट आहे. या वेलीचं माहेर ते. पण हे ठरायला फार वेळ लागला. युरोपात 1880 साली लिंडेन आणि आंद्रे या दोघांनी तिला ‘पोथॉस ऑरियस’ म्हणून नाव दिलं, तेव्हा ती सॉलोमन बेटांवरून आल्याची समजूत होती. ‘पोथॉस’ हे नाव लिनियसनं घेतलं होतं सिंहली भाषेतल्या ‘पोथा’वरून. सह्याद्रीत झाडांवर चढणारी आपली अंजनवेल हीच खरी पोथॉस. 1908 मध्ये एंग्लरनं मनी प्लांटला गजपिंपळीच्या घराण्यात, म्हणजे सिंडॅप्ससमध्ये नेऊन बसवलं. 1960 नंतर ती आणखी एका घराण्यातून फिरून आली आणि 1964 मध्ये ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ या आजच्या नावावर स्थिरावली.

इतकी घरं बदलायचं कारण साधं आहे. वनस्पतीचं घराणं ठरतं फुलावरून, आणि या वेलीला फूल जवळजवळ कधीच येत नाही. का येत नाही, ते 2016 मध्ये उलगडलं: फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक ती स्वतः पुरेसं बनवू शकत नाही. संशोधकांनी ते बाहेरून फवारलं, तेव्हा फूल आलं. फूल नाही म्हणून बी नाही. मग जगभर ती पसरली ती आपल्याकडे ऊस पसरतो तशी: डोळा असलेली टिपरी तोडायची, ओल्यात खुपसायची. ‘मनी प्लांट चोरूनच आणावा, तरच लागतो’ हा समज बहुधा यातूनच टिकला. चोरलेली कांडी लागतेच. मागून आणलेलीही लागते, फक्त तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

मोठं कूळ मात्र सुरुवातीपासून पक्कं आहे: अळू-सुरणाचं. अळूनं घसा खवखवतो आणि मनी प्लांट छाटताना काहींचे हात खाजतात, दोन्हींचं कारण एकच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. म्हणून रांगतं पोर, मांजर, शेळी यांच्या तोंडापासून ती दूर ठेवावी.

आता मातीचं कूळ. नांदेड-लातूरची काळी म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याचा, बेसाल्टचा झिजून झालेला चुरा. भूगोलाच्या पुस्तकातला ‘रेगूर’ हा शब्द तेलुगू ‘रेगडी’वरून आला, देगलूर-धर्माबादकडच्या माणसाला तो परका वाटायचा नाही. या मातीतली चिकण पानांच्या थप्पीसारखी असते. थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे. कापूस, तूर, हरभरा यांना ही ओल धरून ठेवणारी माती म्हणजे ठेव. त्यांची मुळं खोल जातात.

मनी प्लांटच्या मुळांचं वळण वेगळं. ती जंगलातल्या पालापाचोळ्यात सुरू होतात, पेरापेराला फुटून झाडाच्या सालीला चिकटतात आणि वर चढतात. वर चढलेल्या वेलीचं पान हातभर मोठं आणि फाटलेलं होतं. लोंबत सोडली की तेच पान तळहाताएवढं राहतं. अशा मुळांना ओल हवी, पण तेवढीच हवाही हवी.

मी पहिली कुंडी भरली ती शेतातून पिशवीत आणलेल्या काळीनं. पावसाळा बरा गेला. मार्चमध्ये मातीनं कुंडीची कड सोडली, चारी बाजूंनी बोटभर फट पडली. पाणी घातलं की फटीतून सरळ खालच्या ताटलीत. मधला गोळा कोरडाच. म्हणून जास्त पाणी घातलं, तर गोळा फुगला आणि आठ-आठ दिवस सुकेना. पानं पिवळी पडली. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. नर्सरीतले काका म्हणाले, “काळी कापसाला चालती, कुंडीत नाही चालत.”

कुंडीला वेगळी माती लागते, हे जगालाही उशिराच कळलं. इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत 1930 च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी एक प्रमाण बसवलं: सात भाग पोयटा, तीन भाग पीट, दोन भाग वाळू. तोवर प्रत्येक माळ्याचा प्रत्येक झाडासाठी वेगळा, गुप्त नुसखा असायचा. आपल्याकडे पीटची जागा नारळाच्या काथ्याच्या भुशानं, कोकोपीटनं घेतली. आणि माती? नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय भागात, मुखेड-बिलोली-देगलूरकडे, काळ्या खडकाखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. तिथली हलकी, तांबूस माती कुंडीला काळीपेक्षा कितीतरी बरी.

माझं आजचं प्रमाण असं: दोन भाग हलकी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे. काळी घालायचीच तर मूठभर. अन्न धरून ठेवण्यापुरती. तळाला खड्यांचा थर देऊ नका. बारीक मातीतलं पाणी खड्यांत सहज उतरत नाही, वरच तुंबतं, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरतो.

नवी कुंडी जुनीपेक्षा दीड-दोन इंच रुंद, जास्त नाही. मोठ्या कुंडीतली ओल छोटी मुळं पिऊ शकत नाहीत. आदल्या दिवशी पाणी द्या, गोळा सैल करा, वेटोळी घातलेली मुळं बोटांनी सोडवा, सडलेली कापा. नंतर आठवडाभर उन्हापासून लांब. पाणी रोजच्या नेमानं नको. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे ज्या लातुरात आली, त्या गावाला पाण्याचा हिशेब नव्यानं शिकवायला नको.

कुंडी बदलायचं हे काम मे महिन्यात करू नका, थंडीतही नको. मृगाचे दोन पाऊस पडले की कुंडी एकदा उलटी करून पाहा. मुळं पांढरी, टणक असतील आणि त्यांना जागा असेल, तर तशीच परत ठेवा. तपकिरी, बुळबुळीत असतील, तर माती बदला.