हरीण-हंगामाची पूर्वतयारी : फूड प्लॉट व ट्रेल कॅमेरा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडण्याआधी, मुख्यतः खासगी जमिनीवर केली जाणारी मशागत आणि पाळत. या हरणाचे शास्त्रीय नाव ओडोकॉइलिअस व्हर्जिनिएनस. त्याने चरायला यावे म्हणून पेरलेल्या जमिनीच्या तुकड्याला फूड प्लॉट म्हणतात. त्याच्या वाटेवर झाडाला बांधलेला, हालचाल जाणवताच आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा म्हणजे ट्रेल कॅमेरा. गेल्या तीनचार दशकांत या दोन्ही गोष्टी इतक्या रुजल्या आहेत, की मिडवेस्ट आणि दक्षिणेकडच्या अनेक शिकाऱ्यांचा वर्षातला वेळ मचाणावर कमी आणि ट्रॅक्टरवर जास्त जातो.

पार्श्वभूमी : बाजारासाठी होणारी बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे 1900 च्या सुमारास देशभरात ही हरणे तीन ते पाच लाखच उरली होती, असा अंदाज आहे. त्याच वर्षीच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक करणे हा केंद्रीय गुन्हा ठरवला. पुढे 1937 च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील अबकारी कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. रानातल्या हरणाचे मांस विकायला बंदी आली, हंगाम आणि परवाने आले, आणि आज ही संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. अनेक उपनगरांत आता चिंता उलटी आहे: बागा फस्त होतात, मोटारींना धडका बसतात.

या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक तत्त्व आहे. हरीण जनतेचे, राज्य सरकार त्याचे विश्वस्त, आणि जमीन मात्र ज्याची त्याची. जमीनमालक आपल्या हद्दीत काय हवे ते पेरू शकतो, पण ते खाऊन गेलेले हरीण त्यामुळे त्याच्या मालकीचे होत नाही. नराचा वावर साधारण चौरस मैलभर किंवा त्याहून मोठ्या टापूत असतो, म्हणजे साडेसहाशे एकरांच्या आसपास. बहुतेक शिकाऱ्यांची जमीन याच्या एका कोपऱ्याएवढीही नसते. फूड प्लॉट हा या अडचणीवरचा तोडगा आहे. हरीण बांधता येत नाही, तर निदान ते दिवसाउजेडी कुठे उभे राहील हे ठरवावे, एवढाच त्याचा खरा हेतू. बियाण्याच्या पिशवीवर टपोऱ्या शिंगांच्या नराचे चित्र असते आणि पोषणाची भाषा असते, पण एकदोन एकरांचा वाफा टापूतल्या हरणांच्या शिंगांत फारसा फरक पाडू शकत नाही. शिंगांचा आकार वय, आहार आणि अनुवंश या तिन्हींवर ठरतो. त्यातले वय माणसाच्या हातात असते, ते केवळ कोवळ्या नरावर गोळी न झाडण्यापुरते.

नेमका हाच विचार अल ब्रदर्स आणि मर्फी रे या टेक्सासच्या दोघा जीवशास्त्रज्ञांनी 1975 च्या ‘प्रोड्यूसिंग क्वालिटी व्हाइटटेल्स’ या पुस्तकात मांडला: तरुण नर सोडावेत, माद्यांची संख्या आवाक्यात ठेवावी, चाऱ्याकडे लक्ष द्यावे. जो हॅमिल्टन यांनी 1988 मध्ये दक्षिण कॅरोलायनात या विचाराची संघटना उभारली. 2020 मधल्या विलीनीकरणानंतर ती नॅशनल डिअर असोसिएशन या नावाने चालते. त्याच 1988 साली अलाबामात रे स्कॉट यांनी खास हरणांसाठी निवडलेले क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचे बियाणे विकायला काढले. बास माशांच्या गळस्पर्धांना धंद्याचे रूप देणारे ते हेच गृहस्थ. शिकाऱ्याने काय करावे आणि त्याने काय विकत घ्यावे, या दोन गोष्टी तेव्हापासून हातात हात घालून चालल्या आहेत.

कालमान : तयारीचे वेळापत्रक हरणाच्या शरीराने ठरवलेले असते. नराची शिंगे हिवाळ्याच्या अखेरीस गळतात, एप्रिलच्या सुमारास पुन्हा फुटतात आणि ऑगस्टपर्यंत मखमली कातडीखाली वाढतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात ही कातडी झाडांवर घासून काढली जाते. दिवस लहान होऊ लागले की नर माजावर येऊ लागतात. उत्तरेकडे हा माज नोव्हेंबरच्या मध्याला शिगेला पोहोचतो. एरवी रात्रीच हिंडणारे सावध नर त्या दिवसांत भर दुपारीही उघड्यावर दिसतात. म्हणूनच बंदुकीचे हंगाम तिथे नोव्हेंबरात येतात. मिशिगनचा 15 ते 30 नोव्हेंबर असा असतो आणि 15 तारखेला राज्याच्या उत्तर भागातल्या अनेक शाळांना सुट्टी असते. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी उघडतो. धनुष्यबाणाचा हंगाम बहुतेक ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो.

पेरणी : जाणकार बियाण्याच्या आधी माती पाहतात. तपासणी राज्यांच्या कृषी विद्यापीठांच्या विस्तार केंद्रांतून अल्प खर्चात होते. जंगल तोडून काढलेली जमीन बहुधा आम्ल असते. सामू 6 ते 7 च्या दरम्यान आणण्यासाठी एकरी एकदोन टन चुना सहज लागतो आणि तो मातीत मुरायला काही महिने जातात. ऑगस्टात पेरायचे असेल तर चुना वसंतातच पडलेला हवा. नवखे लोक हीच पायरी गाळतात आणि मग महागड्या खताचा बराचसा भाग वाया घालवतात.

पिके दोन प्रकारची. पांढरा क्लोव्हर, लसूणघास, चिकोरी ही बहुवार्षिक. एकदा बसली की वेळेवर कापणी आणि तणनियंत्रण केल्यास तीनचार वर्षे टिकतात. क्लोव्हरचे बी अगदी बारीक. एकरी सहा ते दहा पौंड पुरते, ते फोकून नंतर जड रूळ फिरवायचा, मातीत खोल गेले की उगवतच नाही. शेंगवर्गीय बियाण्याला रायझोबियम चोळण्याची रीत महाराष्ट्रातल्या सोयाबीन-उत्पादकाला वेगळी सांगायला नको. हंगामी पिकांत ओट, हिवाळी गहू आणि राय ही तृणधान्ये सर्वांत भरवशाची. निकृष्ट मातीत आणि आळशी शेतकऱ्याच्या हातीही ती उगवतात. सलगम, मुळा, रेप आणि केल ही कोबीच्या कुळातली पिके उत्तरेकडे जुलैअखेर ते ऑगस्टात पेरतात. त्यांच्या पानांना हरणे पुष्कळदा सुरुवातीला तोंडही लावत नाहीत. कडक थंडी पडून पानांतली साखर वाढली की मात्र वाफा साफ होतो. एकाच जागी ती वर्षानुवर्षे घेतली तर रोग साठतात, म्हणून फेरपालट करावी लागते.

उष्ण दक्षिणेत उन्हाळी वाफ्यांत चवळी, सोयाबीन, ज्वारी आणि लॅबलॅब लावतात. हा लॅबलॅब म्हणजे आपला वाल. कोकणात ज्याचे बिरडे होते तोच वेल जॉर्जिया-टेक्सासकडे हरणांच्या तोंडी जातो, आणि त्यांना तो इतका आवडतो की लहान वाफ्यात कोवळी रोपे मोठी व्हायच्या आतच खुडली जातात. सोयाबीनचेही तेच. हरणे दाट असतील तर पाऊण-एक एकराच्या तुकड्यात पीक हाती लागत नाही. एकतर क्षेत्र वाढवावे किंवा सुरुवातीला विजेची तार ओढावी. आपल्याकडे रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला जी तार लागते, ती तिथे हरणासाठी लावलेले पीक हरणापासून काही आठवडे राखायला लागते. किती खाल्ले जाते हे कळण्यासाठी वाफ्याच्या मधोमध तीनचार फूट व्यासाचा जाळीचा पिंजरा उभा करतात. आतले आणि बाहेरचे पीक शेजारी शेजारी पाहिले की वेगळे गणित मांडावे लागत नाही.

वाफ्यांचे प्रकार मुख्यतः दोन. चाऱ्यासाठीचे काही एकरांचे, आणि शिकारीसाठीचे दहा ते वीस गुंठ्यांचे. हे छोटे वाफे दाट झाडीलगत, हरणांच्या बसण्याच्या जागा आणि मोठी शेते यांच्या मध्ये काढतात. सांजेला मोठ्या शेताकडे निघालेले हरीण अंधार पडेपर्यंत तिथे रेंगाळावे ही अपेक्षा. त्यांचा आकार तिरंदाजाच्या पल्ल्यावरून, म्हणजे वीस-तीस यार्डांवरून ठरतो, आणि मचाण नेहमीच्या वाऱ्याची दिशा पाहून बांधतात. इथे घात होतो तो बहुधा येण्याजाण्याच्या वाटेने. शिकारी परतताना वाफ्यातली हरणे उधळली, की दोनतीन वेळांत ती दिवसा यायची थांबतात. शिवाय ज्या वर्षी ओकची फळे भरघोस पडतात त्या वर्षी सगळी मशागत फिकी पडते. विशेषतः पांढऱ्या ओकची कमी तुरट फळे पडू लागली, की हरणे वाफा सोडून जंगलातच मुक्काम ठोकतात.

आमिष आणि पीक : मक्याचे दाणे ओतून त्यांवर हरीण मारणे अनेक राज्यांत गुन्हा आहे, तर टेक्साससारख्या राज्यांत तीच नित्याची रीत आहे. जमिनीत पेरलेला फूड प्लॉट मात्र सर्वसाधारण शेती म्हणून जवळपास सर्वत्र चालतो. हेतू दोन्हींचा एकच असताना कायद्याने भेद का करावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक ठोस उत्तर रोगात आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू सच्छिद्र करणारा जीवघेणा रोग कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे बंदिस्त म्यूल हरणांत 1967 मध्ये प्रथम लक्षात आला. तो प्रायॉन या विकृत प्रथिनामुळे होतो, लाळ-मूत्रातून पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतो. विस्कॉन्सिनात तो 2002 मध्ये सापडला. आता तो 30 हून अधिक राज्यांत आहे. मक्याच्या एका ढिगावर दहा तोंडे एकाच जागी लागतात, एकरभर क्लोव्हरवर ती विखुरतात. मिशिगनने 2019 पासून आपल्या दक्षिणेकडील द्वीपकल्पात आमिष टाकण्यावर बंदी घातली ती याच कारणाने. वाफ्यावर धोका शून्य असतो असे नाही, पण तो ढिगापेक्षा कमी मानला जातो. दुसरे कारण पचनाचे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातले सूक्ष्मजीव चाऱ्यानुसार हळूहळू बदलतात. भर हिवाळ्यात अचानक पोटभर मका मिळाला तर आम्लता वाढून हरीण भरल्या पोटी मरू शकते.

ट्रेल कॅमेरा : या साधनाचा पूर्वज शिकाऱ्यानेच घडवला. पेनसिल्व्हेनियाचे वकील आणि काही काळ अमेरिकी काँग्रेसचे सदस्य राहिलेले जॉर्ज शिरास तिसरे यांनी मिशिगनच्या जंगलात ताणलेल्या दोरीला अडखळून प्राण्याने स्वतःच आपले छायाचित्र काढावे अशी योजना केली. त्यांची रात्रीच्या प्राण्यांची 74 छायाचित्रे ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै 1906 च्या अंकात छापली. हिंदुस्थानात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी 1920 च्या दशकात त्याच रीतीने वाघ टिपले. पुढे उल्लास कारंथ यांनी नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखून मोजण्याची पद्धत बसवली. ताडोबा-मेळघाटातल्या व्याघ्रगणनेत जे कॅमेरे लागतात, ते आणि आयोवातल्या मक्याच्या बांधावरचे कॅमेरे एकाच घराण्यातले.

आजच्या कॅमेऱ्यातला संवेदक पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचे काही हलले तर जागा होतो. त्यामुळे कडक उन्हाळ्यात, भोवताल हरणाच्या अंगाइतकाच तापला असता, तो चुकतो. रात्री अवरक्त दिव्यांवर काम चालते. 850 नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोहोचतात, पण त्यांची मंद लाल चमक दिसते. 940 चे दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून आणि वाटेला तिरका बांधतात. उगवता-मावळता सूर्य भिंगात आला तर कोरी चित्रे मिळतात. समोर डोलणारे गवत राहिले तर हजारो चित्रे मिळतात, त्यांत हरीण एकही नसते.

हरणांच्या मोजणीची रीत मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचे हॅरी जेकबसन आणि सहकारी यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केली. साधारण शंभर एकरांना एक कॅमेरा असे जाळे दोन आठवडे लावायचे. नर शिंगांच्या ठेवणीवरून एकेकटे ओळखू येतात, माद्या येत नाहीत. म्हणून छायाचित्रांचे गुणोत्तर वापरतात. समजा दहा वेगळे नर शंभर चित्रांत आले आणि माद्यांची दोनशे चित्रे मिळाली, तर माद्या सुमारे वीस. यात नर आणि मादी कॅमेऱ्यासमोर सारख्याच वेळा येतात असे गृहीत धरले आहे, आणि ते नेहमी खरे नसते. तरीही किती माद्या मारायच्या हे ठरवायला हा आकडा डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरा.

सामान्य शिकारी मोजणीच्या भानगडीत फारसा पडत नाही. त्याला एक विशिष्ट नर हवा असतो. उन्हाळाभर छायाचित्रे जमवून तो आपल्या रानातल्या नरांना नावे देतो, वय ताडतो, यादी करतो. मग सप्टेंबरात मखमल उतरली की एकत्र चरणारे नर पांगतात, काही वेगळ्याच टापूत जातात, आणि ऑगस्टात सोयाबीनमध्ये रोज दिसणारा यादीतला पहिला नर शेजाऱ्याच्या रानात पोहोचतो. कॅमेरा काल काय घडले ते सांगतो, तेही त्याच्या समोरच्या पन्नास-साठ फुटांपुरते. वर दर आठवड्याला कॅमेऱ्यातले कार्ड बदलायला जाणारा माणूस आपला वास तिथे ठेवून येतो.

या शेवटच्या अडचणीवर उपाय म्हणून मोबाइल जाळ्यावरून चित्र धाडणारे कॅमेरे आले आणि वाद पेटला. हरीण वाफ्यात उभे असतानाच चित्र खिशात पोहोचले, तर शोधाचा भाग उरतो कुठे? थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिंगांच्या विक्रमांची नोंद ठेवतो; अशा तत्क्षणी मिळालेल्या माहितीच्या आधारे मारलेला प्राणी त्याच्या नोंदवहीत बसत नाही. ॲरिझोनाने 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यावर सरसकट बंदी घातली, आणि त्याच वर्षी युटाने 31 जुलै ते 31 डिसेंबर या काळात तो बंद केला. पश्चिमेकडच्या या कोरड्या राज्यांत शिकार मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक जमिनीवर होते, पाणवठे मोजके असतात आणि एकेका पाणवठ्याभोवती अनेकांचे कॅमेरे लटकत. पूर्वेकडे शिकारीची जमीन बव्हंशी खासगी. तिथल्या बहुतेक राज्यांनी मालकाच्या झाडावरच्या कॅमेऱ्याला अजून हात लावलेला नाही.