मनगटावरचा फोन आणि परवानगीचा इतिहास

गेल्या रमजानमध्ये भाई कुवेतहून सुट्टीवर आला, तेव्हा अम्मीसाठी एक स्मार्टवॉच घेऊन आला. साधे नाही, सेल्युलर. म्हणजे फोन घरात राहिला तरी घड्याळावरूनच थेट बोलता येईल असे. सोबत त्याने आपला जुना फोनही अम्मीला दिला, कारण अशी बहुतेक घड्याळे फोनशी जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत.

यामागे कारण होते. अम्मीने सत्तरी ओलांडली आहे. घर दापोली तालुक्यात, खाडीकाठी. तिचा फोन कायम घरात चार्जिंगला आणि ती मागच्या वाडीत. मागच्या पावसाळ्यात विहिरीजवळ पाय घसरून पडली. अर्धा तास कुणाला पत्ता नव्हता. शेजारची पोर पाणी भरायला आली म्हणून कळले. भाईने तेव्हाच ठरवले होते की तिच्या हातावरच काहीतरी बांधायचे.

घड्याळ सुरू झाले. वेळ दिसली, पावले मोजली गेली, नाडीचे ठोके आले, पाचही नमाजांच्या वेळा आल्या. फक्त फोन लागेना. कस्टमर केअरला विचारले तर उत्तर मिळाले, आमच्या नेटवर्कवर घड्याळाची सेवा नाही. ज्या कंपन्या ती सेवा देतात, त्यांची रेंज आमच्या गावात नाही. नंबर पोर्ट केला तर घड्याळासकट फोनही मुका होईल.

भाई चिडला. म्हणाला, "पैसे मी मोजले, हातावर अम्मीने बांधलंय, आणि परवानगी तिसराच कुणीतरी देणार?"

भाईचा प्रश्न रागातून आलेला असला तरी तो शंभर वर्षे जुना आहे. त्याचा इतिहास समजून घेतला तर आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे नीट कळते.

घड्याळाने कधी परवानगी मागितली नाही

कोकणातल्या मुस्लिम घरांना आखातातून आलेले घड्याळ नवे नाही. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाढला आणि रत्नागिरी-रायगडची पोरे कुवेत, दुबई, सौदीला जाऊ लागली. येताना कॅसेट प्लेअर, अत्तर, कापड आणि घड्याळ यायचे. अब्बांचे सिको अजून कपाटात आहे. हात हलला की त्याला आपोआप चावी बसे. कुवेतची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. मुंबईत उतरल्यावर अब्बांनी काटे अडीच तास पुढे केले आणि विषय संपला. ते घड्याळ कुठल्या कंपनीचे ग्राहक नव्हते.

त्याआधीचा काळ पाहिला तरी हेच दिसते. उस्मानी साम्राज्यात मोठ्या मशिदींना लागून मुवक्कितखाने असत. मुवक्कित म्हणजे नमाजच्या वेळा काढणारा जाणकार. तिथली घड्याळे पाहून लोक आपली घड्याळे लावून घेत. दिवस सूर्यास्तापासून मोजला जाई, म्हणून मगरीबला बारा वाजत आणि घड्याळ रोज थोडे सरकवावे लागे. तुर्की प्रजासत्ताकाने ही पद्धत १९२६ पासून बंद केली. पण ती होती तोवर खिशातले घड्याळ ज्याचे त्याचे होते. वेळ सगळ्यांची होती आणि ती जुळवून घ्यायला कुणाचा करार लागत नव्हता.

टेलिफोनचे घराणे वेगळे

टेलिफोनची गोष्ट पहिल्यापासून उलटी आहे. एकट्या टेलिफोनचा उपयोग शून्य. त्याला तार लागते, एक्स्चेंज लागते, दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. म्हणून ज्याच्या ताब्यात जाळे, त्याच्या ताब्यात यंत्र.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, इंडियन टेलिग्राफ अॅक्ट आला. तार उभारण्याचा आणि चालवण्याचा खास अधिकार या कायद्याने सरकारकडे ठेवला. बाकीच्यांना सरकारने परवाना दिला तरच ते काम करता येणार. इंग्रज गेले तरी कायदा राहिला. पुढे कित्येक वर्षे घरातला काळा फोन खात्याचाच असे. ग्राहक फक्त भाडे भरी आणि जोडणीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसे.

अमेरिकेत जाळे सरकारचे नव्हते, एटी अँड टी या खासगी कंपनीचे होते. नियम मात्र तोच. कंपनीने न दिलेली कुठलीही वस्तू फोनला जोडायची नाही. अशा वस्तूंना कंपनीच्या नियमावलीत 'परकी जोडणी' म्हणत.

हश-अ-फोन नावाची एक साधी वस्तू होती. फोनच्या तोंडावर बसवायची वाटी. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये, एवढेच तिचे काम. तारेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तरीही कंपनीने हरकत घेतली. सरकारी दूरसंचार आयोगाने १९५५ मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली. १९५६ मध्ये न्यायालयाने तो निकाल फिरवला. इतरांचे नुकसान होत नसेल, तर ग्राहकाने आपल्या सोयीसाठी आपला फोन हवा तसा वापरावा, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

टेक्सासच्या कार्टरचा खटला

खरी लढाई पुढे झाली. टेक्सासमध्ये टॉम कार्टर नावाचा एक उद्योजक होता. तेलविहिरींवर आणि मोठ्या कुरणांवर काम करणारी माणसे फोनपासून मैलोगणती दूर असत. त्यांच्याकडे वायरलेस असे, पण वायरलेसवरून फोनच्या जाळ्यात शिरता येत नसे. कार्टरने एक पेटी बनवली. तिच्यावर फोनचा रिसीव्हर ठेवायचा. पेटी आवाज ऐकून तो वायरलेसवर पाठवणार आणि तिकडचा आवाज फोनला ऐकवणार. तारेला तार कुठेच जोडलेली नव्हती. या कार्टरफोनच्या सुमारे साडेतीन हजार पेट्या विकल्या गेल्या.

शेतातला माणूस आणि घरातला फोन यांच्यामधले अंतर तोडणे, एवढाच त्याचा हेतू. आमच्या वाडीची अडचण हीच आहे.

कंपनीने ग्राहकांना धमकावले, पेटी वापराल तर फोन तोडू. कार्टर कोर्टात गेला. प्रकरण आयोगाकडे आले आणि जून १९६८ मध्ये आयोगाने निकाल दिला की ही सरसकट बंदी अन्यायाची आहे. जाळ्याला अपाय न करणारे यंत्र ग्राहक जोडू शकतो.

निकालानंतरही कंपनीने लगेच हार मानली नाही. 'जाळ्याच्या सुरक्षेसाठी' मध्ये आमचीच एक पेटी बसवा आणि तिचे भाडे भरा, अशी अट घातली. तीही अट पुढे गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस यंत्राची एकदा नोंदणी झाली की ते थेट भिंतीतल्या जॅकला जोडता येऊ लागले. दुसऱ्या कंपन्यांचे फोन, आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि मोडेम त्याच दारातून घराघरांत आले. घरगुती इंटरनेटची सुरुवात त्या मोडेमवर झाली.

सिम आले आणि यंत्र मोकळे झाले

मोबाईलच्या जमान्यात हे स्वातंत्र्य एका चिमुकल्या कार्डाने दिले. युरोपातल्या जीएसएम पद्धतीची सेवा १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झाली. तिच्यात ग्राहकाची ओळख फोनमध्ये नव्हती, सिममध्ये होती. सिम काढा, दुसऱ्या फोनमध्ये घाला, नंबर तुमच्यासोबत येतो. कंपनीला फोनची कंपनी कोणती हे विचारायची गरज उरली नाही.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात पहिले मोबाईल संभाषण झाले. तेव्हा कॉल महाग होता, पण दुबईहून आणलेला फोन इथले सिम घालून चालत असे. कोकणातल्या किती घरांत पहिला मोबाईल असाच आला.

याउलट २००३ च्या सुमाराचे ५०१ रुपयांत मिळणारे सीडीएमए फोन आठवा. मोबाईल रिक्षावाल्यापर्यंत पोहोचला तो त्यांच्यामुळे. पण त्यातले बहुतेक हँडसेट एकाच कंपनीला बांधलेले होते. कंपनी सोडली की हँडसेट पोरांच्या खेळण्यात.

२० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करण्याची सोय आली. आता नंबरही कंपनीचा राहिला नाही. यंत्र आपले, नंबर आपला. लढाई जिंकल्यासारखे वाटले.

घड्याळात परवानगी परत आली

मनगटावर फोन बांधायचे स्वप्न जुने आहे. अमेरिकेतल्या डिक ट्रेसी या चित्रमालिकेतला पोलीस १९४६ पासून मनगटावरच्या रेडिओवर बोलत होता. सॅमसंगने १९९९ मध्ये घड्याळातला फोन काढलाही. अडचण जागेची होती. घड्याळात सिमचा खण बसवायचा म्हणजे बॅटरीची जागा खायची आणि पाण्याला वाट द्यायची. म्हणून ई-सिम आले. यात कार्ड नसते. घड्याळात कायमची बसवलेली एक चिप असते आणि कंपनी तिच्यात ग्राहकाची ओळख दुरून उतरवते.

इथे जुने दार पुन्हा बंद झाले. सिम आपण हाताने घालत होतो. ई-सिम कंपनीने पाठवल्याशिवाय येत नाही. त्यातही घड्याळाची गरज आणखी वेगळी. एकाच नंबरवर फोन आणि घड्याळ दोन्ही वाजायला हवेत. त्यासाठी कंपनीला आपल्या यंत्रणेत खास सोय करावी लागते आणि घड्याळाच्या प्रत्येक ब्रँडशी ती जुळवावी लागते. ती केली नसेल तर घड्याळात अँटेना आहे, डोक्यावर टॉवर आहे, तरी बोलणे नाही. शिवाय परदेशी विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये इथल्या लहरींचे सगळे पट्टे असतीलच असे नाही.

परवानगीचा हा मामला किती नाजूक आहे ते चीनमध्ये दिसले. सप्टेंबर २०१७ मध्ये सेल्युलर अॅपल वॉच तिथे आले आणि काही दिवसांतच चायना युनिकॉमने नव्या ग्राहकांना सेवा देणे थांबवले. ई-सिममध्ये ग्राहकाची ओळख कशी पटवायची, ही सरकारची चिंता त्यामागे असल्याचे बातम्यांत आले. पुढे सेवा हळूहळू परत सुरू झाली. भारतात हे घड्याळ मे २०१८ मध्ये आले, तेही जिओ आणि एअरटेल या दोनच कंपन्यांवर. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने ई-सिमबद्दल सूचना काढल्या.

कुलूप फक्त मोबाईल कंपनीचेच असते असेही नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने अॅपलवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यातल्या तक्रारींत स्मार्टवॉच आहे. एका कंपनीच्या घड्याळामुळे ग्राहक तिच्याच फोनला बांधला जातो, असा तो आक्षेप आहे.

मग करायचे काय?

ज्यांच्या घरी आमच्यासारखे घड्याळ येऊन पडले आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

फोन जवळ असेल तर ब्लूटूथवर घड्याळाचे सगळे काम चालते. घरात ओळखीचे वाय-फाय असेल तर त्यावरही निरोप आणि इंटरनेटवरचे कॉल चालतात. नेहमीच्या नंबरचा कॉल वाय-फायवरून लागेल की नाही, हे पुन्हा कंपनीवर आहे. पडल्यावर आपोआप फोन लावण्याची सोय असली, तरी तिलाही यातली एक वाट उघडी लागते. वाट नसेल तर घड्याळ नुसते हातावर थरथरेल.

दुसरी कंपनी ही सेवा देत असेल आणि तिची रेंज घरापर्यंत येत असेल, तर पोर्ट करणे सर्वात सोपे. त्याआधी आपले मॉडेल आणि आपला प्लॅन दोन्ही चालतील का, हे नक्की विचारा. रेंज नसेल तर साधे सिम घालायची घड्याळे बाजारात आहेत. त्यांचा नंबर वेगळा असतो, पण गावात ज्याची रेंज आहे त्याचे सिम घालता येते. आणि अजून खरेदी केली नसेल तर आधी कंपनीला विचारा. सेल्युलर मॉडेलचे जादा पैसे त्यानंतर द्या.

आम्ही काय केले? राऊटर पुढच्या खोलीतून मागच्या पडवीत आणला. आता वाय-फाय विहिरीपर्यंत जाते. विहिरीपलीकडे, नारळांच्या बागेत, जात नाही. अम्मीला सांगितले आहे की बागेत जाताना फोन ओच्यात घ्यायचा. ती कधी घेते, कधी विसरते. भाई आता तिच्यासाठी सिमवाले साधे घड्याळ बघतो आहे.

कंपनीकडे मी लेखी तक्रार दिली आहे. तिचा नंबर जपून ठेवला आहे. एका तक्रारीने टॉवर किंवा सर्व्हर बदलत नाहीत, हे मला माहीत आहे. पण वाटीसारखी क्षुल्लक वस्तू फोनला लावायलासुद्धा एकदा कोर्टात जावे लागले होते. त्या कोर्टातून पुढे कार्टर गेला आणि कार्टरच्या मागून बाकीचे. आज आपण फोन बदलतो, कंपनी बदलतो, नंबर तोच ठेवतो, आणि हे आपल्याला जन्मसिद्ध वाटते. यातली एकही सोय कंपन्यांनी आपणहून दिलेली नाही. कुणीतरी मागितली म्हणून ती मिळाली. तुमच्या गावातही अशीच अडचण असेल तर तुम्हीही लेखी मागा.