खानदेशातील पशुपोषण व मांसाची प्रत

खानदेशातील पशुपोषण व मांसाची प्रत : गुराला खाद्यातून मिळणारी ऊर्जा व प्रथिने यांच्या मानास पोषणपातळी म्हणतात. वाढीचा वेग, शरीरातील स्नायू व वसा यांचे प्रमाण आणि मांसाचा मऊपणा या गोष्टी बऱ्याच अंशी तीवर अवलंबून असतात. पाश्चात्त्य देशांत या विषयाचा अभ्यास प्रामुख्याने मांसासाठी पोसलेल्या जनावरांवर झाला. खानदेशात मात्र गुरे मुख्यतः ओढकामासाठी पाळली गेल्याने त्यांची पोषणपातळी पावसाच्या मानाने चढत-उतरत राहिली.

खाद्य व जाती : तापी खोऱ्यातील ठिल्लारी किंवा तापी खिलार आणि निमाडी या येथील जाती कामास चिवट, पण उशिरा वयात येणाऱ्या आहेत. मुंबई–आग्रा रस्त्यावरील नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) व त्याभोवतालच्या प्रदेशात ज्वारी व कापूस ही जुनी पिके असल्याने दादरीचा कडबा, सरकी व सरकीची ढेप हे तेथील मुख्य पशुखाद्य होय. वाळलेल्या कडब्यात प्रथिने सु. ३ ते ४ टक्केच असतात. आहारातील प्रथिने सु. ७ टक्क्यांखाली गेल्यास रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजंतूंचे कार्य मंदावते व चारा समोर असूनही जनावर तो कमी खाते. ढेपेने ही उणीव भरून निघते. परंतु ढेप प्रथम कामाच्या बैलाच्या व दुभत्या जनावराच्या वाट्यास येते. वासरे, गोऱ्हे व भाकड गाई चराई आणि उरलेला चारा यांवर राहतात.

वाढीविषयीचे संशोधन : एच. जे. वॉटर्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील मिसूरी येथील प्रयोगांवरून असे दाखविले, की वजन वाढू न देता ठेवलेल्या तरुण जनावरांचीही उंची काही काळ वाढत राहते. केंब्रिज येथील जॉन हॅमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढीचा क्रम प्रथम मज्जासंस्था, नंतर हाडे, मग स्नायू व शेवटी वसा असा मांडला. उपासमारीत याच्या उलट क्रमाने झीज होते. उन्हाळ्यात दिसणारी उंच, हाडे वर आलेली गुरे ही या नियमाची उदाहरणे होत. पावसाळ्यात चारा मिळताच अशी जनावरे झपाट्याने वजन घेतात. यास भरपाई वाढ म्हणतात. मात्र उपासमार कोवळ्या वयात, तीव्र व दीर्घकाळ झाली, तर ही भरपाई अपुरी राहते आणि जनावर कायमचे खुरटते.

मांसाची प्रत : भरपूर खाद्यावर लवकर वाढलेल्या जनावरात स्नायूंमध्ये वसेचे बारीक थर साठतात व मांस रसाळ होते. वयस्क, काम करून थकलेल्या जनावराच्या स्नायूंतील संयोजी ऊतक पक्के झालेले असल्याने अखेरीस चांगले खाद्य देऊनही मांस फारसे मऊ होत नाही. कत्तलीपूर्वीची उपासमार व दीर्घ प्रवास यांनी स्नायूंतील ग्लायकोजेन संपते. परिणामी मांस काळपट होते व लवकर नासते.

दुष्काळ व कायदा : १८९९–१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात गुरांची प्रचंड हानी झाली. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात भारतीय गुरांच्या चाराटंचाईकडे लक्ष वेधले. दुष्काळातील चारा जनावर जगविण्यापुरताच असतो; वाढत्या वासराला तो पुरत नाही, ही हानी मात्र मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ याच्या १९९५ मधील दुरुस्तीस २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यानंतर राज्यात गाईंबरोबरच वळू व बैल यांच्या कत्तलीसही बंदी झाली. म्हशीवर्गीय जनावरे या बंदीबाहेर असल्याने मांसाच्या प्रतीचा प्रश्न आता मुख्यतः रेडकांच्या संगोपनाशी निगडित आहे. दूध विक्रीसाठी काढून घेतल्याने नर रेडकांची आबाळ होते व पुष्कळशी लहानपणीच दगावतात. पहिल्या वर्षातील पुरेसे दूध, हिरवा चारा व थोडी ढेप यांनी जे साधते, ते पुढे कितीही खाद्य दिले तरी पूर्णतः साधत नाही. ओढकामाच्या गोऱ्ह्यांनाही हाच नियम लागू पडतो.