पायातील दगड

सुरत शहरात महानगरपालिकेच्या गुजराती शाळा आहेत, तशा मराठी शाळाही आहेत. खानदेशातून मागांवरील कामासाठी आलेल्या अनेक कुटुंबांची मुले त्यांत शिकत आली आहेत. या दोन भाषांच्या लिप्या डोळ्यांना निराळ्या दिसतात. मराठी अक्षरांवर शिरोरेखा असते, गुजरातीवर नसते. परंतु अंध वाचकाच्या बोटाखाली हा भेद उरत नाही. गुजराती ‘क’ आणि मराठी ‘क’ या दोहोंसाठी ब्रेल लिपीत तेच दोन ठिपके उठविलेले असतात. हा योगायोग नव्हे. भारतात पूर्वी ब्रेलच्या अनेक पद्धती चालत असत. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ स्वीकारण्यात आली आणि भारतीय भाषांतील समान ध्वनींना समान खुणा मिळाल्या. जुन्या पद्धती मोडून एक सुसूत्र पद्धत बांधण्याचे ते काम होते.

कागदावरील ठिपके एकदा उठविले की पुष्कळ काळ टिकतात. संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या पडद्यावर चित्रे, चौकटी आणि बटणे असतात; डोळस मनुष्य ती पाहतो आणि काम करतो. अंध मनुष्यासाठी पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली लागते. पण पत्र लिहिण्याची आज्ञावली एकाने रचलेली, हिशेबाची दुसऱ्याने. त्यांतील कोणते बटण कोठे आहे, हे वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला कळावे कसे? सुरतेच्या वखारींत परदेशी व्यापारी आणि देशी सावकार यांच्यामध्ये जसा दलाल उभा असे, तसा येथेही मध्यस्थ लागतो. ‘हे बटण आहे, त्याचे नाव अमुक, ते आत्ता दाबता येईल,’ असा निरोप तो इकडून तिकडे पोचवितो. अनेक आज्ञावल्यांना समाईक उपयोगी पडणाऱ्या अशा तयार संचाला त्या व्यवसायात ‘लायब्ररी’ म्हणतात.

लिनक्स संगणकांवरील हा मध्यस्थ ‘एटी-एसपीआय’ या नावाने ओळखला जातो. ‘ग्नोम’ या मुक्त प्रकल्पात, मुख्यतः सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने, २००१ च्या सुमारास त्याची उभारणी झाली. मुक्त प्रकल्प याचा अर्थ असा की, त्याची मूळ संहिता कोणासही वाचता येते, दुरुस्त करता येते आणि पुढे वाटता येते. या मध्यस्थाच्या आधारावर ‘ऑर्का’ ही पडदा वाचणारी आज्ञावली उभी राहिली. स्वतः अंध असलेल्या मार्क मुलकाही यांनी तिचा आरंभ २००४ साली केला, आणि २००६ साली ती ग्नोमचा भाग झाली. ब्रेल ठिपक्यांसाठी ‘लिबलुई’ नावाची दुसरी मुक्त लायब्ररी उपयोगी पडते. तिच्यात मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांचे तक्ते आहेत.

येथवरचा इतिहास उभारणीचा झाला. खरी कसोटी त्यानंतर लागली. २०१० साली ओरॅकल कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि या कामावरील पगारी माणसे कमी झाली. ऑर्काची धुरा, पूर्वीपासून स्वयंसेवेने मदत करणाऱ्या जोनमेरी डिग्ज यांनी उचलली. त्याच सुमारास मध्यस्थाचा पाया बदलणेही भाग पडले. निरोप नेण्याची ‘कोर्बा’ नावाची जुनी यंत्रणा जड होती आणि ग्नोम प्रकल्प ती सोडून देत होता; तिच्या जागी ‘डी-बस’ ही हलकी यंत्रणा आणावयाची होती. २०११ साली ग्नोमची तिसरी आवृत्ती निघाली, ती या नव्या पायावर. पुढे माइक गोर्स यांनी त्या संहितेची देखभाल वर्षानुवर्षे सांभाळली.

तरीही घाईने बांधलेल्या घरात राहून गेलेले दोष तसेच राहिले. एकच काम तीन निरनिराळ्या संचांत विभागले गेले होते; कोणता भाग कशासाठी, याची नोंद अपुरी होती; एक दुरुस्ती केली तर दुसरीकडे काय मोडेल, हे तपासण्याची सोय तोकडी होती. १९९७ साली ग्नोम प्रकल्पाच्या स्थापनेत सहभागी असलेले मेक्सिकोचे फेदेरिको मेना किंतेरो यांनी २०२२ साली या कामाकडे लक्ष वळविले. तिन्ही संच एकत्र आणण्यात आले, आपोआप चालणाऱ्या चाचण्या जोडल्या गेल्या, निरोपांचे नियम लिहून काढण्यात आले. अशा कामास ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात. बाहेरचे वर्तन तेच ठेवून आतील रचना नीट करावयाची, हा त्याचा दंडक. २०२३ साली जर्मनीतील एका सरकारी निधीने ग्नोमला १० लाख युरो दिले. त्यांतील काही भाग सुगम्यतेच्या कामासाठी होता. जुन्या वाटेची डागडुजी ही खर्च करण्याजोगी गोष्ट आहे, ही ती एक कबुलीच होती.

अशा कामाचे कौतुक सहसा होत नाही. नवे यंत्र आले की समारंभ होतो; जुन्याची डागडुजी कोणाच्या नजरेस येत नाही. परंतु येथे चूक झाली, तर तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मध्यस्थ मुका झाला तरी डोळस मनुष्याच्या पडद्यावर सर्व काही जागच्या जागी दिसत राहते. अंध मनुष्यासमोरचे यंत्र मात्र तत्क्षणी गप्प होते. कचेरीतील काम, विद्यार्थ्याचा अभ्यास, लिहीत असलेले पत्र, सारे तेथेच थांबते.

१९५१ साली ब्रेलची पद्धत बदलली तेव्हा जुनी पद्धत शिकलेल्या वाचकांना नवे ठिपके शिकावे लागले. रिफॅक्टरिंग करणाऱ्याची जबाबदारी त्याहून कठीण आहे. त्याने वाचकाला काहीच नवे शिकावयास लावायचे नसते. सुरतेतील एखादा अंध विद्यार्थी सकाळी लिनक्सचा संगणक सुरू करतो, कालच्याच कळा दाबतो आणि कालचाच आवाज त्याला उत्तर देतो. रात्रीतून आतला सारा पाया बदलला असेल, तरी त्याला ते कळत नाही. डागडुजी नीट झाली, याची खूण तीच.