सिझेरियन व्रणाची सोनोग्राफी

सिझेरियन शस्त्रक्रियेत गर्भाशयावर घेतलेला छेद कसा भरून आला, तिथली स्नायूंची भिंत किती जाड उरली आणि आतल्या बाजूने खाच पडली आहे का, हे ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाहण्याची तपासणी. ती तीन वेगवेगळ्या वेळी होते : गर्भ नसताना, पुढच्या गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला आणि त्याच गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. तिन्ही वेळचा प्रश्न वेगळा, मोजण्याची रीत वेगळी, आकड्याचा अर्थही वेगळा. एका वेळचे मिलिमीटर दुसऱ्या वेळच्या मर्यादेला लावले की निष्कर्ष हमखास चुकतो.

पोटावरच्या व्रणावरून गर्भाशयावरच्या व्रणाचा काहीच अंदाज येत नाही. कातडीवर जाड वण उठलेल्या बाईचे गर्भाशय आतून उत्तम भरलेले असू शकते आणि बाहेर रेघही न दिसणाऱ्या बाईच्या गर्भाशयाची भिंत पातळ असू शकते.

गर्भाशयाला टाके घालण्याची रीत रुजली ती लाइपत्सिगच्या माक्स झेंगर यांच्या १८८२ सालच्या लेखनानंतर. तेव्हा छेद उभा आणि गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर घेत. हा भाग बाळंतपणानंतर सतत आकुंचन पावतो, त्यामुळे टाके सैल पडत. ग्लासगोचे जॉन मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याचा आग्रह धरला. आज बहुतेक सिझेरियन तशीच होतात. पुढे ग्लासगो विद्यापीठात, कर यांनी भूषवलेल्याच प्रसूतिशास्त्राच्या अध्यासनावर आलेल्या इयन डोनल्ड यांनी १९५८ साली पोटातल्या गाठींची ध्वनिलहरींनी तपासणी केल्याचा निबंध प्रसिद्ध केला. आजचा छेद आणि तो तपासण्याचे साधन या दोन्हींच्या इतिहासात हे एकच शहर येते. सोनोग्राफीपूर्वी व्रण पाहायचा तर गर्भाशयात रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घ्यावे लागे.

गर्भ नसताना ही तपासणी योनीमार्गे करतात. पडद्यावर गर्भाशय उभ्या छेदात दिसते. त्याचे मुख्य अंग आणि ग्रीवा (गर्भाशयाचे तोंड) जिथे मिळतात तिथे, मूत्राशयाच्या लगेच मागे, पुढच्या भिंतीत, खाच असली तर, एक काळी त्रिकोणी जागा दिसते. तिचा पाया गर्भाशयाच्या पोकळीकडे आणि टोक मूत्राशयाकडे असते. आत रक्त किंवा स्राव साचलेला असल्यामुळे ती काळी दिसते. टोकापासून गर्भाशयाच्या बाहेरच्या कडेपर्यंत जो करडा पट्टा राहतो, ती उरलेली भिंत. अहवालात या खाचेला ‘निश’ किंवा ‘इस्थमोसील’ म्हटलेले असते. युरोपीय तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या व्याख्येनुसार ती किमान २ मिलिमीटर खोल असली तरच खाच म्हणायची. खोली, लांबी आणि उरलेली भिंत उभ्या छेदात मोजतात, रुंदी आडव्या छेदात. शेजारच्या अखंड भिंतीची जाडीही लिहायची असते. ३ मिलिमीटर भिंत उरली आणि शेजारची भिंत ५ मिलिमीटर आहे, की ३ उरली आणि शेजारची १२ आहे, यात फार फरक आहे. उरलेली भिंत शेजारच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी किंवा २.२ मिलिमीटरपर्यंतच असली, तर बरेच तज्ज्ञ ती खाच मोठी धरतात. गर्भाशयात थोडे सलाइन किंवा जेल सोडून पाहिले तर खाच अधिक स्पष्ट, आणि बहुधा अधिक मोठी, दिसते. म्हणून त्या रीतीसाठी मर्यादा २.५ मिलिमीटर धरतात.

तपासणीची घाई करून उपयोग नसतो. गर्भाशय सहा आठवड्यांत आकाराने पूर्ववत होते, पण व्रणाजवळचे स्तर एमआरआयमध्ये पुन्हा नीट वेगळे दिसायला सहा महिने लागू शकतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांतली सोनोग्राफी रक्ताची गाठ, संसर्ग किंवा राहिलेला वारेचा तुकडा शोधायला मोलाची; भिंतीच्या अंतिम जाडीबद्दल ती काही सांगत नाही.

खाच दिसणे ही अपवादाची गोष्ट नाही. स्वीडनमधल्या व्हिकारेवा ऑसर आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या अभ्यासात एक सिझेरियन झालेल्या ६१ टक्के, दोन झालेल्या ८१ टक्के आणि तीन किंवा अधिक झालेल्या सर्वच स्त्रियांच्या व्रणात काही ना काही दोष दिसला. म्हणून अहवालात खाच लिहून आली की तो आजारच, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. मात्र जिला त्रास होतो तिची तक्रार खरी असते आणि ती वर्षानुवर्षे उडवून लावली जाते, हे इथे स्पष्ट नोंदवायला हवे. पाळी संपते आणि मग कित्येक दिवस तपकिरी डाग जात राहतात. पाळीचे रक्त खाचेत साचते, तिथले स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत आणि ते सावकाश झिरपत राहते. ओटीपोटात दुखणे, पुन्हा दिवस राहण्यात अडचण येणे याही तक्रारी असतात. अशा बाईला तपासणीशिवाय नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवण्यापेक्षा एक नेमकी सोनोग्राफी तिला अधिक उपयोगी पडते. उपचाराची दिशाही तीच ठरवते. उरलेली भिंत साधारण ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर दुर्बीण योनीमार्गे आत घालून खाचेची कड तासता येते. भिंत त्याहून पातळ असेल तर मूत्राशयाला इजा होण्याची भीती असते. मग पुन्हा मूल हवे असल्यास पोटातून दुर्बिणीने व्रण काढून नव्याने शिवण्याचा विचार होतो.

खाच का पडते? कळा बऱ्याच पुढे गेल्यावर, गर्भाशयाचे तोंड उघडलेले असताना केलेल्या सिझेरियनमध्ये छेद नकळत फार खाली, ग्रीवेच्या श्लेष्मग्रंथी असलेल्या भागात पडू शकतो. तिथला स्राव टाक्यांमधून वाट काढतो. मागे झुकलेल्या गर्भाशयात व्रण ताणला जातो. एका थराऐवजी दोन थरांत टाके घातले तर खाच टळेल, असे बराच काळ वाटत होते. नेदरलँड्समध्ये २,२९२ स्त्रियांवर झालेल्या ‘टूक्लोज’ चाचणीत मात्र पाळीनंतरचे डाग दोन्ही गटांत जवळपास सारखेच आढळले.

या विषयातला सर्वांत वादाचा भाग म्हणजे शेवटच्या महिन्यांतले मोजमाप. बाईचा प्रश्न साधा असतो : या वेळी नॉर्मल होईल का? तिच्या आणि डॉक्टरांच्या मनातली भीती गर्भाशय फाटण्याची असते. अमेरिकेतल्या २००४ सालच्या मोठ्या अभ्यासात आधीच्या सिझेरियननंतर कळा येऊ दिलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ०.७ टक्के होते. फ्रान्समध्ये रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ६४२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३६ ते ३८ आठवड्यांत, मूत्राशय भरलेले असताना, पोटावरून गर्भाशयाच्या खालच्या भागाची जाडी मोजली आणि ३.५ मिलिमीटर ही मर्यादा धरली. मर्यादेच्या वर असलेल्यांपैकी ९९.३ टक्के स्त्रियांचा व्रण शाबूत राहिला. भिंत जाड असेल तर धीर द्यायला हा आकडा भक्कम आहे. उलट बाजू मात्र तितकीच महत्त्वाची आणि अनेकदा सांगितलीच जात नाही : मर्यादेच्या खाली असलेल्यांपैकी व्रण उसवला किंवा फाटला तो ११.८ टक्के स्त्रियांतच. पातळ भिंतीच्या शंभर बायकांपैकी अठ्ठ्याऐंशी जणींचा व्रण टिकला. तेव्हा ‘भिंत २ मिलिमीटर, फाटणारच’ असे सांगणे या अभ्यासाला धरून नाही. कॅनडात बुजोल्ड यांच्या गटाने पूर्ण जाडीसाठी २.३ मिलिमीटर ही मर्यादा सुचवली. इतर अभ्यासांत आणखी वेगळ्या मर्यादा आहेत.

मर्यादांत इतका फरक पडण्याला मोजण्याची रीतही कारण आहे. पोटावरून मोजले की योनीमार्गे, मूत्राशय किती भरलेले होते, मूत्राशयाची भिंत धरून पूर्ण जाडी घेतली की नुसत्या स्नायूची, ऐन आकुंचनाच्या वेळी पाहिले की नंतर. यांतले काहीही बदलले तरी आकडा हलतो. अख्खे मोजमाप दोन-तीन मिलिमीटरांचे, त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही सल्ला बदलतो. म्हणून चित्र मोठे करून, अनेकदा मोजून, सर्वांत पातळ जागेची जाडी लिहितात आणि रीतही नोंदवतात.

रोझेनबर्ग यांच्याच गटाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २,९४८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली होती. एका गटात जाडी मोजून प्रसूतीचा मार्ग सुचवला, दुसऱ्यात मोजलीच नाही. बाळ-बाळंतिणीच्या गंभीर गुंतागुंतींत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक दिसला नाही. क्वेबेकमधल्या ४० रुग्णालयांत झालेल्या ‘प्रिझ्मा’ चाचणीत बाळांच्या गंभीर गुंतागुंती कमी झाल्या. पण तिथे सोनोग्राफीच्या जोडीला नॉर्मल प्रसूती यशस्वी होण्याच्या शक्यतेचा हिशोब, समुपदेशन आणि डॉक्टरांचे प्रशिक्षणही होते. माझ्या मते या दोन चाचण्या एकत्र वाचायला हव्यात. जाडीचा आकडा आधीच्या सिझेरियनचे कारण, छेदाची दिशा, मधले अंतर, आधी कधी नॉर्मल बाळंतपण झाले का आणि मध्यरात्री तातडीने शस्त्रक्रिया करण्याची सोय आहे का, यांच्या बरोबरीने तोलला तर उपयोगी पडतो. कळांच्या वेळी बाळाच्या ठोक्यांवरची नजर कोणत्याही आकड्यामुळे हटवता येत नाही.

गरोदरपणाच्या सुरुवातीची तपासणी याहून कमी वादाची आणि जास्त निकडीची आहे. गर्भ क्वचित जुन्या व्रणातच रुजतो. सहा-सात आठवड्यांत गर्भपिशवी गर्भाशयाच्या पोकळीत वर न दिसता पुढच्या भिंतीत, मूत्राशयाला खेटून दिसते आणि मधला स्नायूचा पट्टा फारच पातळ असतो. आठवडे उलटले की गर्भ पोकळीकडे वाढतो आणि चित्र साध्या गर्भासारखे दिसू लागते. तिथे निदान हुकते. पुढे वार भिंतीत घुसून बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून सिझेरियन झालेल्या स्त्रीने पाळी चुकल्यावर पहिली सोनोग्राफी लांबवू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सिझेरियनचे प्रमाण भारतात २१.५ टक्के, महाराष्ट्रात २५.४ आणि गोव्यात ३९.५ टक्के नोंदले गेले. म्हणजे दुसऱ्या खेपेला दवाखान्यात येणाऱ्या किती जणींच्या गर्भाशयावर टाके असतील, याची कल्पना यावी. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो; त्यात दिलेल्या कारणांच्या यादीत आधीच्या सिझेरियनच्या व्रणाची तपासणी हे कारण स्वतंत्रपणे छापलेले आहे.