भेसळ

'मिस्टर व्हॅम्पायर' (१९८५) पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी वहीत त्याला पाचापैकी दोन तारे दिले होते. शेरा : "भीती वाटत नाही." पिच्चर संपला की मार्क द्यायची मला खोड, आणि रकाने ठरलेले : मारामारी, भय, विनोद. हाँगकाँगचा सिनेमा या रकान्यांत बसत नसेल तर चूक कुणाची, हा प्रश्न काही तेव्हा पडला नाही. परवा शनिवारी रात्री तो पुन्हा पाहिला आणि वहीतला तो शेरा खोडावा लागला.

यातलं भूत म्हणजे ज्यांगशी, ताठलेलं प्रेत. 'व्हॅम्पायर' हे नुसतं इंग्रजी बारसं. अंगात छिंग काळातला सरकारी झगा, हात समोर ताठ, सांधे आखडलेले, म्हणून दोन्ही पायांवर उड्या मारत येतं. माणूस हुडकतं ते श्वासावरून, तेव्हा वाचायचं तर नाक दाबून उभं राहायचं. कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की जागीच थांबतं. यामागे हूनान प्रांताच्या पश्चिम भागातली दंतकथा आहे. परमुलखात मेलेल्यांना मांत्रिक रात्री चालवत गावी नेत, अशी. प्रेतं लांब बांबूंना बांधून दोघंजण खांद्यावर नेत, बांबू लवला की ती उड्या मारताहेत असं लांबून दिसे, असा एक खुलासा सांगतात. मेलेल्याला घरची माती मिळावी, एवढीच मुळात ती गोष्ट. हसण्यासारखं त्यात काही नाही.

हसू आणलं सॅमो हंगने. १९८० सालच्या 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड'चा दिग्दर्शक तोच, नायकही तोच. हा पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढलेला, जॅकी चॅनही त्याच शाळेतला. तिथे गाणं, कोलांट्या, शस्त्रं, विदूषकी सगळं एकाच अंगाने शिकायचं! मग मारामारी कुठे संपते आणि विनोद कुठे सुरू होतो, हे त्याला कसं विचारणार? मंतरलेल्या स्वतःच्याच हाताशी तो झुंजतो, तो प्रसंग कुठल्या रकान्यात टाकू ते मला अजून कळलेलं नाही. (शेवटी बायकोला बडवणं मात्र विनोद म्हणून आज बघवत नाही.)

त्यात नायकाला देवळात प्रेतासोबत रात्र काढायची असते. उपाय : ते उठायला लागलं की शवपेटीत कोंबडीचं अंडं फेकायचं. पन्नास हवीत. विकणाऱ्याकडे कमी पडतात, तो बदकाची मिसळून देतो. झालं! पाच वर्षांनी 'मिस्टर व्हॅम्पायर'मध्ये (दिग्दर्शक रिकी लाउ, निर्माता पुन्हा सॅमो हंगच) तोच डाव. प्रेताचं विष उतरवायला चिकट तांदूळ हवा, आणि वाणी त्यात साधा तांदूळ ढकलतो. मंत्र अचूक, मांत्रिक जाणकार, माल खोटा. शिष्य तर शवपेटीवर शाईच्या दोऱ्याने रेघा मारतात आणि तळ विसरतात. हा बग मी ओळखतो, स्वतः केलेला आहे :)

या गोंधळात न हसणारा एकच, मांत्रिक गाउ मास्तर. लाम चिंग-यिंग. मूळचा स्टंटवाला, ब्रूस लीच्या सिनेमांत काम केलेला. या पिक्चरच्या वेळी वय अवघं ३२, पण दिसतो पन्नाशीचा. कॉफी कशी प्यायची हे ठाऊक नसतं, तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तो गंभीर राहतो म्हणून बाकीचे हास्यास्पद ठरतात, आणि तो गंभीर राहतो म्हणूनच भूतही खरं वाटतं. मी भीती प्रेताच्या चेहऱ्यात शोधत बसलो होतो. ती मास्तरच्या चेहऱ्यावर होती.

पुढे १९८६, ८७, ८८ असे ओळीने भाग निघाले. लामला लोकांनी त्या पिवळ्या झग्यातून बाहेर पडू दिलं नाही. १९९७ साली तो गेला, ४४ व्या वर्षी.

असो. २०१३ साली जूनो माकने 'रिगर मॉर्टिस' काढला. लाम आणि रिकी हुई (तो दुसरा शिष्य, विष चढलेला) यांना अर्पण केलेला. विनोद यातून साफ काढून टाकलाय. भीती वाटते, माझ्या जुन्या वहीत याला चार तारे मिळाले असते. पण मला आठवतो तो त्यातला अँथनी चॅन. पहिल्या पिक्चरमध्ये प्रेतांची रांग उड्या मारत नेणारा चष्मेवाला मांत्रिक तोच. इथे तो भूत पकडणाऱ्यांच्या घराण्यातला शेवटचा. भुतंच उरली नाहीत, म्हणून बनियनवर उभा राहून चिकट तांदूळ शिजवून विकतो.